हिरव्या पडद्याची पूजा

आमच्या बंगळूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा मी मेथी निवडत होते. "स्त्री आणि तंत्रज्ञान ह्यावर काहीतरी प्रेरणादायी लिहून द्या," म्हणाल्या. मी म्हटलं, प्रेरणादायी माझ्याकडे काही नाही, मेकफाइल आहेत, त्यावर लिहू का? मग त्यांनी विचारलं, "त्याच्याबरोबर एखादा फोटो देता येईल का?"

फोटो नाही. माझ्या सगळ्या नोकरीत फोटो काढण्यासारखी गोष्ट एकदाच घडली, आणि त्या वेळी सगळ्यांनी घाईघाईने मोबाइल खिशात घातले. तीच सांगते. पण त्याआधी मी काय काम करत होते ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या बहिणीला ते अजून कळलेलं नाही. ती निपाणीत सगळ्यांना सांगते, "आमची मंगल कॉम्प्युटर दुरुस्त करते."

लग्न होऊन मी निपाणीहून बंगळूरला आले. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर, मीही शिकलेली, तेव्हा घरात बसणं शक्य नव्हतं. शेवटची बरीच वर्षं व्हाइटफील्डच्या एका कंपनीत काढली. तिथे हॉस्पिटलात पेशंटच्या खाटेशेजारी ठेवतात त्या मॉनिटरचं सॉफ्टवेअर बनायचं. प्रोग्राम लिहिणारे आपापल्या कोपऱ्यात बसून तुकडे लिहायचे, आणि ते सगळे तुकडे गोळा करून, त्यांतून एक धड चालणारी वस्तू तयार करणारी यंत्रणा मी सांभाळायची. ह्याला बिल्ड म्हणतात. बिल्ड नीट झाला तर मला कोणी ओळखत नसे. बिघडला, की सगळ्या मजल्यावरून "अक्का!" अशा हाका यायच्या.

हे काम 'मेक' नावाचा एक प्रोग्राम करतो. तो एखाद्या जुन्या, खडूस आचाऱ्यासारखा आहे. त्याला एक लिहिलेला कागद द्यायचा, तो म्हणजे मेकफाइल. आमटी कशापासून होते, कृती काय, एवढं त्यात लिहायचं. मेक आधी बघतो, की कालच्या आमटीनंतर नवी डाळ आलेली आहे का. आली असेल तरच नवी आमटी करतो, नाहीतर कालचीच गरम करून वाढतो. कालची आमटी तो टाकून देत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

ह्या कागदावर आपण वस्तूंना नावं ठेवू शकतो, हे आपल्या माणसांना आवडण्यासारखं आहे. एकदा नाव ठेवलं की पुढे सगळीकडे ते नाव लिहायचं आणि मेकने त्या जागी त्याचा अर्थ भरायचा. गंमत आहे ती अर्थ कधी भरायचा ह्यात. नुसतं बरोबरचं चिन्ह लिहिलं, समजा 'मीठ बरोबर वन्संना विचारून', तर मेक लगेच विचारायला जात नाही. मीठ घालायची वेळ येते तेव्हा जातो, आणि त्या क्षणी वन्सं म्हणतील ते खरं. मधल्या वेळात वन्संचं मत बदललं, तर आमटी खारट. ते टाळायचं असेल तर बरोबरच्या आधी विसर्गासारखी दोन टिंबं द्यायची. मग तो त्याच क्षणी विचारून येतो, आकडा पक्का लिहून ठेवतो आणि नंतर वन्संनी कितीही डोळे वटारले तरी हलत नाही. दोन टिंबं द्यायची की नाही, ह्या प्रश्नावर मी संसार चालवला.

दुसरी भानगड डॉलरची. मेक स्वतः चुलीजवळ जात नाही. कृतीची एकेक ओळ तो 'शेल' नावाच्या हाताखालच्या माणसाला देतो. नाव उघडून अर्थ काढायचा असेल तर दोघांनाही नावाआधी डॉलरचं चिन्ह लागतं. पण कागद आधी मेकच्या हातात पडतो आणि डॉलर दिसला की तो आपलाच समजून खातो. शेलपर्यंत एक डॉलर पोचवायचा असेल तर दोन लिहावे लागतात. व्हाइटफील्डमध्ये सगळेच डॉलरसाठी आलेले असल्याने हे समजायला सोपं जावं असं मला वाटायचं, पण तसं झालं नाही.

आमच्याकडे उत्तरेकडचे एक गृहस्थ होते. परदेशी विद्यापीठात शिकलेले, बोलताना डोळे मिटायचे. सर्व्हरवरची जुनी अडगळ रोज साफ व्हावी म्हणून त्यांनी मेकफाइलमध्ये चार ओळी घातल्या. फोल्डरच्या नावासाठी त्यांनी डी, आय, आर अशी तीन अक्षरं घेतली आणि आधी एकच डॉलर दिला. आता मेकची सवय अशी, की कंस नसला तर तो डॉलरनंतरचं एकच अक्षर नाव म्हणून धरतो. त्याने 'डी' उघडून पाहिलं, आत काहीच नव्हतं. उरलं 'आय-आर'. म्हणजे रोज संध्याकाळी आमचा सर्व्हर 'आयआर' नावाच्या, कधीच नसलेल्या फोल्डरमधली सगळी अडगळ मनापासून साफ करत होता. पुसायच्या आज्ञेला 'कुरकुर करू नकोस' असंही त्यांनी बजावलेलं होतं, त्यामुळे तीही बिचारी गप्प. सर्व्हर भरून वाहायला लागला. गृहस्थांनी डोळे मिटून सांगितलं, की आपला व्याप वाढला आहे, आणि कंपनीने नव्या डिस्का आणल्या. त्या आल्या तेव्हा केक कापला होता. मीही खाल्ला.

दुसरा एक होता, त्याला ठाऊकच नव्हतं की मेक दर ओळीला नवा शेल बोलावतो. त्याने पहिल्या ओळीत लिहिलं, 'त्या फोल्डरमध्ये जा', आणि दुसऱ्या ओळीत, 'इथलं सगळं पॅक कर'. पहिल्या ओळीतला शेल गेला, आणि तिथेच संपला. दुसऱ्या ओळीचा नवा शेल होता तिथेच उभा, त्याने दारातलं सगळं पॅक केलं. ग्राहकाला आमच्या सॉफ्टवेअरऐवजी आमचीच मेकफाइल गेली. ग्राहकाने ती उघडून पाहिली असावी, कारण नंतर त्यांच्या इंजिनियरने मला एकदा फोनवर अगदी हळुवारपणे विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही कशा आहात?"

असो. आता शैलेशकडे येते.

शैलेश बर्वे आमचा वरिष्ठ. पुण्याचा, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, हुशार, गोड बोलणारा, आणि मला मराठी येतं म्हणून सुरुवातीला फार खूश झालेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "अक्का, फायनली कोणीतरी आपलं!" मग माझं निपाणीचं मराठी ऐकल्यावर थोडा कमी खूश झाला. कंपनी लहान होती तेव्हा मुख्य मेकफाइल त्याने लिहिली होती. तिच्यात काही बिघडलं की ती 'अक्कांची मेकफाइल' असायची, आणि परदेशातून पाहुणे आले की 'द बिल्ड सिस्टिम आय डिझाइन्ड'.

त्या मेकफाइलच्या मधोमध त्याचा लूप होता. आमच्या सॉफ्टवेअरचे वेगवेगळे वाटे होते: पडद्याचा, गजराचा, छपाईचा, नेटवर्कचा आणि असेच आणखी. लूप म्हणजे काय, तर यादीतलं एकेक नाव घ्यायचं, त्या वाट्याच्या खोलीत जायचं, तिथला मेक चालवायचा, मग पुढचं नाव. मेककडे स्वतःचाही एक लूप असतो, पण तो काम असं करतच नाही. तो काय काय करायचं ते सगळं आधीच लिहून मांडतो आणि मोकळा होतो, आमच्या प्लॅनिंगच्या मीटिंगसारखा. शैलेशचा लूप शेलचा होता. शेलचा लूप खरंच खोल्याखोल्यांतून फिरतो. त्याला खोड एकच. मधल्या खोलीत आग लागलेली दिसली, तरी तो दार ओढून पुढे जातो, आणि शेवटी विचारलं तर शेवटच्या खोलीचीच हकिकत सांगतो. शेवटची खोली ठीक, तर सगळं ठीक. आमची शेवटची खोली नेटवर्कची होती आणि तिथे कोणी कधी काही बदलायचंच नाही.

म्हणून आमचा बिल्ड कायम हिरवा. पास झाला की मोठ्या पडद्यावर हिरवा रंग यायचा, फसला की लाल. इतर कंपन्यांतले लोक सांगायचे, आमचा आठवड्यातून कितीदा तरी लाल होतो. शैलेश त्यांच्याकडे दयेने बघायचा.

बंगळूरमध्ये नवरात्रात आयुधपूजा असते. ज्याच्या जिवावर पोट चालतं त्या हत्याराची पूजा: रिक्षावाला रिक्षाची, शिंपी मशीनची, आणि आम्ही सर्व्हरची. प्रत्यक्ष दिवशी सुट्टी, म्हणून ऑफिसात आदल्या दिवशी उरकायची. चिकपेटच्या बाजारातून झेंडूच्या माळा आणि कोहळा यायचा, एक भटजी यायचे, रिसेप्शनच्या मुली साड्या नेसायच्या. कोहळा फोडायचा रस्त्यात, पण आयटी पार्कवाले परवानगी देत नसत, म्हणून आमचा कोहळा तळघरातल्या पार्किंगमध्ये पुठ्ठ्यावर फोडला जाई, आणि सिक्युरिटीवाला शेजारी फिनेल घेऊन उभा. त्यात शैलेशने एक प्रथा घातली होती. मंत्र झाले की त्याने एक कळ दाबून बिल्ड सुरू करायचा, सगळ्यांनी उभं राहायचं, पडदा हिरवा झाला की त्या हिरव्यावर कुंकू लावायचं. मग टाळ्या, फोटो, चुरमुरे-फुटाणे. भटजींना हा विधी कुठल्या ग्रंथातला ते कळत नसे, पण ते अक्षता टाकायचे.

त्या वर्षी पूजेच्या थोडं आधी एका हॉस्पिटलातून तक्रार आली. लाइट गेली आणि परत आली, की मॉनिटरचा गजर गप्प होतो. पेशंटचं काही बिनसलं तरी वाजत नाही. त्या रात्रपाळीच्या नर्सचं लक्ष होतं म्हणून निभावलं. आता, ही चूक आम्हाला आधीपासून माहीत होती आणि ती दुरुस्त झालेली होती. गेल्या आवृत्तीबरोबरच ती दुरुस्ती पाठवली आहे, असं आम्ही सगळ्या हॉस्पिटलांना कळवलंही होतं. दुरुस्ती केली होती रेणुकाने.

रेणुका चिकोडीकडची. नवीनच लागलेली, अजून कायम व्हायची होती. आमच्या सीमेकडच्या बायका 'मी जाते, येते' म्हणत नाहीत, 'जातो, येतो' म्हणतात. त्यावर शैलेश हसायचा, आणि ती त्याच्यासमोर इंग्रजीतच बोलायची. त्या दिवशी मात्र ती माझ्या टेबलाशी आली आणि उभ्या उभ्या रडायला लागली.

"अक्का, सर म्हणूलालेत, मी काम न करताच केलो म्हणून सांगितलो. मी खोटं बोलूलालो म्हणे. पूजा झाली की मला काढणार."

"तू तपासलं होतंस ना?"

"तपासलो की हो! मशीनचा प्लग काढलो, परत घातलो. कसला मोठ्यानं वाजलेला! शेजारचा मुरळी अण्णा कानावर हात ठेवून उठून गेला. विचारा त्याला."

मला तिचा शब्द खरा वाटला. रडता रडता गजर किती मोठ्याने वाजला हे अभिमानाने सांगणारी पोरगी खोटं कशाला बोलेल? नोकरी गेली असती तर तिने दुसरी मिळवली असती, पण 'खोटारडी' हा शिक्का घेऊन चिकोडीला परत जाणं तिला झेपलं नसतं. मला राग आला. तिला म्हटलं, डोळे पूस आणि खुर्ची ओढ.

आम्ही दोघींनी सर्व्हरवर बिल्ड चालवला आणि तो काय काय बडबडतो ते वाचत बसलो. हे कोणी कधी वाचत नाही. ढीगभर ओळी सरसर वर सरकत जातात, शेवटी हिरवं येतं, लोक चहाला जातात. गजराच्या खोलीशी येऊन मी बोट ठेवलं. तिथे सरळ लिहिलेलं होतं: फाइल सापडली नाही, एरर. आणि लगेच खालच्या ओळीत लूप पुढच्या खोलीत शिरलेला.

रेणुकाने आपल्या वाट्याच्या मेकफाइलमध्ये एका फोल्डरचा पत्ता नुसतं बरोबरचं चिन्ह देऊन लिहिला होता. तिच्या कागदाच्या तळाशी शैलेशची सामायिक फाइल जोडली जायची, आणि ती त्या पत्त्यातली मुक्कामाची जागाच बदलून टाकायची. पत्ता उघडायची वेळ आली तेव्हा वन्संचं मत बदललेलं. तिच्या मशीनवर दोन्ही जागा एकच, म्हणून तिथे सगळं झकास. सर्व्हरवर मात्र फाइल मिळेना. नवी आमटी झालीच नाही, लूप दार ओढून पुढे गेला, आणि पॅकिंगवाल्याने कालची आमटी डब्यात भरून हॉस्पिटलांना पाठवली.

"म्हणजे चूक माझीच की," रेणुका म्हणाली. चेहरा पार उतरला.

"दोन टिंबं राहिली तुझी. ती सगळ्यांची राहतात. म्हणून तर बिल्ड असतो. त्याचं काम तेवढंच, चुकलं की ओरडायचं. आणि आमच्याकडे ओरडणाऱ्याच्या तोंडात शैलेशच्या लूपने बोळा घातलाय."

विचार केला तर केवढा विनोद! खाटेशेजारचा गजर गप्प होतो म्हणून दुरुस्ती केली, आणि ती दुरुस्ती पोचली नाही, कारण आमच्या कारखान्यातला गजरच गप्प होता. मला मात्र हसू आलं नाही. कुठल्या कुठल्या गावांत लाइट जात असेल, आणि ती मशीनं मुकाट बसली असतील, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

रेणुकाने टिंबं दिली. मग मी शैलेशच्या लूपला हात घातला. औषध साधं आहे. आतल्या आज्ञेनंतर दोन उभ्या रेघा द्यायच्या, श्लोकाच्या शेवटी असतात तशा, आणि पुढे लिहायचं 'एक्झिट एक'. म्हणजे, हे जमलं नाही तर इथेच थांब आणि वाईट बातमी घेऊन बाहेर ये. माझ्या मशीनवर, सर्व्हरच्याच जागा ठेवून, चालवून पाहिलं. गजराची खोली पार पडली, रेणुकाने टाळी वाजवली, आणि बिल्ड पुढच्या खोलीत जाऊन थांबला. लाल.

ती खोली छपाईची होती. आणि छपाईची खोली म्हणजे खुद्द शैलेश.

पेशंटचा रिपोर्ट छापताना अक्षरं अधिक सुबक यावीत म्हणून त्याने तिथे नवीन वळणाची अक्षरं बसवली होती. त्याचं केवढं कौतुक झालं होतं! काचेची ढाल मिळाली, ती त्याच्या टेबलावर खिडकीच्या बाजूला असायची, उन्हात चमकावी म्हणून. आवृत्ती गेल्यावर त्याने सगळ्या हॉस्पिटलांना मेल केली, नवी अक्षरं कशी वाटतात? आणि हॉस्पिटलांनी कळवलं, फारच छान, डोळ्यांना आराम पडतो. आता मी बघत होते, की त्या खोलीतही एक छोटा लूप आहे, एकेक अक्षरसंच घेऊन तयार करणारा, आणि त्यात शैलेशने एकच डॉलर लिहिला आहे. ओळ त्याने आधी हाताने चालवून पाहिली असणार, तिथे एकच डॉलर बरोबर. मेकफाइलमध्ये तो मेकने खाल्ला आणि शेलच्या हाती रिकामं नाव आलं. नवी अक्षरं जगात कोणालाही कधी मिळालेलीच नव्हती. डोळ्यांना आराम पडला होता तो जुन्याच अक्षरांनी.

मी काही हे दाबून ठेवून त्याला तोंडघशी पाडलं नाही. सरळ त्याच्याकडे गेले. तो मोबाइलमध्ये पूजेच्या फोटोग्राफरशी बोलत होता.

"शैलेश, लूप वाईट बातमी गिळत होता. गजराची दुरुस्ती त्यामुळे गेली नाही. पोरीचा दोष नाही. मी त्याला थांबायला शिकवलंय. आता छपाईशी थांबतोय, जरा येऊन बघा."

"अक्का, प्लीज, पूजेनंतर."

"पूजेनंतर तिला काढताय ना?"

"तो एचआरचा डिसिजन आहे, अक्का." माणसं निर्णय घेतात आणि मग तो दुसऱ्याच कोणाचा तरी असतो.

"मग पूजेला पडदा लाल होईल."

तेव्हा त्याने मान वर केली, पण मोबाइल खाली ठेवला नाही. "बिल्ड कधी लाल झालाय का आपला? तुमचा लूप आहे, तुम्ही बघून घ्या ना."

तो माझा लूप आहे, असं त्याने इतक्या स्पष्ट शब्दांत प्रथमच सांगितलं होतं. मी म्हटलं, बरं. आणि माझ्या लूपमध्ये ते दोन दंड कायमचे घातले.

पूजेच्या दिवशी सर्व्हरला झेंडूची माळ, समया, उदबत्ती, सगळं यथासांग. (स्मोक अलार्म बंद करून ठेवलेला असतो, हेही सांगायला हवं.) रेणुका मागे, दाराजवळ उभी होती. काढणार असल्याची बातमी सगळ्यांना होती, म्हणून तिच्या आजूबाजूला मोकळी जागा होती. मंत्र झाले. शैलेशने कुर्त्याची बाही सारखी केली, फोटोग्राफरकडे बघितलं आणि कळ दाबली. ओळी सरकायला लागल्या. कुंकवाची वाटी घेऊन रिसेप्शनची मुलगी पुढे झाली.

पडदा लाल झाला.

लाल रंगाच्या बरोबर मध्ये मोठ्या अक्षरांत खोलीचं नाव होतं, छपाई, आणि त्याखाली मेकच्या सवयीप्रमाणे चुकलेली ओळ. त्या गर्दीत अर्धेअधिक इंजिनियर, त्यांना ती ओळ वाचायला कितीसा वेळ लागणार? एकेक नजर पडद्यावरून निघाली, शैलेशकडे गेली आणि तिथून खाली जमिनीकडे. मोबाइल खिशात गेले. भटजींना आणखी दोन ऑफिसं उरकायची होती, त्यांनी विचारलं, "आयतू सर?" म्हणजे, झालं का?

शैलेश माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अक्का, ते जे काय घातलंय ते काढा ना. पूजेपुरतं."

मी म्हटलं, "काढते. पण मग गजराची दुरुस्ती गेली होती की नव्हती, ते सगळ्यांना कसं कळणार? आणि अक्षरांचं?"

त्याला कळलं. हुशार होताच तो. रेणुकाला खोटारडी म्हणायचं, तर त्याच न्यायाने ढालीचं काय करायचं? तो वळला आणि इंग्रजीत चार वाक्यं बोलला. त्यात 'सिस्टिम' तीनदा आली आणि माणूस एकदाही आला नाही. लोकांनी माना हलवल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. त्याच्यासमोर कधीही मराठी न बोललेली रेणुका, सगळ्यांच्या पुढ्यात, मराठीत म्हणाली, "सर, माझं नाव घेऊन सांगा की. मी खोटं बोललो नव्हतो."

शैलेशने तिच्याकडे बघितलं. ह्या वेळी तो हसला नाही. "रेणुकाने काम केलं होतं," तो म्हणाला. "ती खरं बोलत होती." मराठीतच म्हणाला. मग मुरळी अण्णाने ते कन्नडमध्ये सांगितलं, कोहळ्यासाठी फिनेल घेऊन दारात येऊन थांबलेल्या सिक्युरिटीवाल्यालाही कळावं म्हणून, असं मला आपलं वाटतं.

रेणुका पुढे आली. तिने रिसेप्शनच्या मुलीच्या हातातली वाटी घेतली, बोटावर कुंकू घेतलं आणि लाल पडद्याला लावलं. लालावर लाल, फारसं दिसलंही नाही. मग भटजींना म्हणाली, "आयतू." भटजींनी अक्षता टाकल्या, आम्ही सगळे कोहळा फोडायला तळघरात गेलो.

गोष्ट इथे संपवली तर संपादकबाईंना हवी तशी प्रेरणादायी होईल, पण तसं झालं नाही. पुढचे कित्येक दिवस बिल्ड लालच होता. एक खोली दुरुस्त केली की पुढची अडायची, कारण कोणाकोणाचं काय काय कधीच पोचलेलं नव्हतं. लोक माझ्याशी बोलेनात. पूर्वी सगळं चांगलं चालायचं, अक्कांनी नसतं खुसपट काढलं, असं कँटीनमध्ये चालायचं. मला त्याचं वाईट वाटलं, नाही म्हणणार नाही. ज्यांचं काम मी जगापर्यंत पोचवलं, तेच मला जिन्यात टाळत होते. रेणुका कायम झाली. शैलेश बढती मिळून गेला, कारण नव्या बिल्ड सिस्टिमवर त्याने परदेशात भाषण दिलं. ढाल तो घेऊन गेला. त्याची सुबक अक्षरं शेवटी खरोखर हॉस्पिटलांत पोचली, आणि लगेच तक्रारी आल्या: रिपोर्ट वाचवत नाही, आधीचीच अक्षरं बरी होती.

यथावकाश मी निवृत्त झाले. आता आम्ही देवनहळ्ळीकडे एका लेआउटमध्ये, म्हणजे शेतात प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, राहतो. डोक्यावरून विमानं जातात आणि शेजारचा शेतकरी अण्णा जमिनीच्या उरलेल्या तुकड्यात अजून कोबी लावतो. बिल्डचं स्वप्नही पडत नाही.

एका दुपारी रेणुकाचा फोन आला. ज्या हॉस्पिटलातून ती तक्रार आली होती, तिथेच ती नवी आवृत्ती बसवायला गेली होती. म्हणाली, "अक्का, फोन कानाला नीट धरा." मग खटका पडल्याचा आवाज आला, थोडी शांतता, परत खटका. आणि जो काही कर्कश किंचाळणारा आवाज सुरू झाला, तो ऐकून शेजारच्या अण्णाने कोबीतून मान वर करून बघितलं. पलीकडे कोणीतरी नर्स वैतागून "साकु, साकु!" म्हणून ओरडत होती, पुरे म्हणून. माझे डोळे भरून आले.

"ऐकलं गं, पोरी," मी म्हटलं. "बंद कर आता."

"थांबा हो अक्का," रेणुका म्हणाली, "अजून स्वल्प वाजू दे."